देल्फिनाच्या घराची चिमणी

मी चिमणी. नाव ऐकून झाडाकडे बघू नका, पंखांची चिमणी वेगळी. मी दगडविटांची. घराच्या पोटातून वर चढत जाऊन छपरावर डोकं काढते. उत्तर इटलीत तालियामेन्तो नदीच्या वरच्या अंगाला प्रादोलिन म्हणून गाव आहे, त्याच्या चढावरच्या शेवटच्या घरात मी उभी आहे. थंडीच्या दिवसांत गावातली माणसं सकाळी खिडकी उघडून आधी माझ्याकडे बघतात. धूर दिसला की म्हणतात, देल्फिना उठली.

म्हणायची, असं म्हणायला हवं. ते पुढे येईलच.

मला ओस्वाल्दोने बांधलं. तो गवंडी होता. उन्हाळाभर डोंगरापलीकडे ऑस्ट्रियात जाऊन दुसऱ्यांची घरं बांधायचा आणि पानगळीत परत येऊन स्वतःचं घर एकेक हात वर चढवायचा. गोटे नदीतले, विटा खालच्या भट्टीवरच्या, चुना त्याने स्वतः भाजलेला. त्याची बायको इर्मा चुना कालवता कालवता त्याच्यावर करवादायची.

"भिंती राहू देत. आधी चूल कर. छप्पर नसलं तर वर आभाळ आहे. चूल नसली तर आहे काय?"

"चूल करतो गं, पण चुलीला चिमणी लागते," ओस्वाल्दो म्हणायचा. "नाहीतर जन्मभर डोळे पुसशील आणि लोक म्हणतील, नवरा मारतो."

त्याने मला ऐसपैस बांधलं. आत उभं राहून माणसाने दोन्ही कोपर पसरावेत एवढी. त्या काळी ओंडकेच्या ओंडके जळायचे, त्यांच्या धुराला तेवढी वाट हवीच होती. खाली स्वयंपाकघरात चूल, तिच्यावर साखळीला टांगलेला तांब्याचा हंडा. वर माझ्या पाठीला पाठ लावून निजायची खोली. घरात तेवढी एकच खोली ऊबदार असायची, म्हणून बाळंतपणं तिथेच व्हायची. ओस्वाल्दोची देल्फिना तिथेच जन्मली. तिचा पाळणा माझ्या भिंतीला टेकलेला असायचा. तिच्या पाठची दोन भावंडं जगली नाहीत.

चुलीपुढे माणसं वेगळी असतात. जेवणाच्या टेबलाशी एकमेकांचं तोंड बघून बोलतात, म्हणून जपून बोलतात. चुलीपुढे सगळ्यांची तोंडं आगीकडे. इर्मा मक्याचं पीठ हंड्यात टाकून पोलेंता घोटत असायची, ओस्वाल्दो ओले मोजे वाळवत असायचा, आणि दिवसभर जे बोलायला जमलं नाही ते तेव्हा हळूच बाहेर पडायचं. पुढे देल्फिनाने एलिओशी लग्न करायचंय हे सांगितलं तेही तिथेच, पाठमोऱ्या आईला.

"बोगदे खणणारा? वर्षातले दहा महिने स्वित्झर्लंडमध्ये असेल तो."

"दोन महिने तरी इथे असेल ना."

इर्मा घोटत राहिली. मग म्हणाली, "त्याला पोलेंता मऊ आवडते की घट्ट, विचारून ठेव." झालं, तीच परवानगी.

एलिओ खरोखरच बोगदे खणायला गेला. देल्फिनाने नीवेसला आणि लोरिसला माझ्या पाठीशी जन्म दिला आणि जवळजवळ एकटीनेच वाढवलं. म्हातारा ओस्वाल्दो एका शिशिरात शांतपणे गेला. मी धूर सोडत राहिले. वर्षं अशीच गेली असती.

शहात्तर सालच्या मे महिन्यात, एका उकाड्याच्या संध्याकाळी, जेवणं आटोपत असताना डोंगर गुरगुरला. मग जमीन हलली. हलली हा शब्द फारच छोटा आहे. छप्पर माझ्या दोन्ही बाजूंनी खाली गेलं. देल्फिनाने पोरांना दारातून अंगणात लोटलं. इर्मा शेळीला बघायला गोठ्यात गेली होती, गोठ्याची भिंत तिच्यावर आली. धूळ खाली बसली तेव्हा अर्धं घर नव्हतं आणि मधोमध मी उभी होते.

गाव तंबूंत राहायला गेलं. एलिओ पहिल्या गाडीने परतला आणि पुन्हा बोगद्यात गेला नाही. उन्हाळाभर त्याने दगड निवडले, तुळया चढवल्या. सप्टेंबरात जमीन पुन्हा हादरली तेव्हा मात्र सगळ्यांचा धीर सुटला. सरकारने माणसांना समुद्रकाठच्या हॉटेलांत नेऊन ठेवलं. त्या हादऱ्यांच्या वेळी घरात कोणी नव्हतं. माझ्या पोटात चीर गेली ती तेव्हा. वरच्या खोलीच्या उंचीवर, आतल्या अंगाला, हाताची बोटं शिरतील एवढी.

एलिओने परत येऊन मला चहूबाजूंनी ठोकून पाहिलं, लोखंडी पट्ट्यांनी आवळलं, खोलीच्या भिंतीला नवा गिलावा केला. गिलाव्याआडचं त्याला कसं दिसणार? मला सांगता आलं नाही. चिमणीला तोंड असतं, पण ते आभाळाकडे.

तशी त्या चिरेने पुष्कळ वर्षं कोणाचं काही बिघडवलं नाही. चुलीत बीचचे ओंडके धडधडत असले की धूर असा धावत वर जायचा की चिरेतून बाहेर पडायला त्याला फुरसतच नसायची. उलट खोलीतलीच थोडी हवा तो आत ओढून न्यायचा. गिलाव्यावर एक तपकिरी डाग उमटायचा. देल्फिना दर वसंतात त्यावर चुना फिरवायची आणि म्हणायची, "ओल आली."

बोगद्यांतली धूळ एलिओच्या छातीत बसली होती. शेवटची दोन वर्षं तो चुलीजवळ खुर्चीत बसून श्वास घेण्याचंच काम करत होता. तो गेल्यावर नीवेस उदीने नावाच्या शहरात शाळेवर शिकवायला लागली, लोरिस खाली दरीत बस चालवायला लागला. देल्फिना राहिली.

मग तिचा खुबा मोडला. जिना बंद झाला. स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत तिचा पलंग आला. ओंडके आणायचे कोणी, फोडायचे कोणी? चूल विझली. देल्फिना गॅसच्या छोट्या शेगडीपुढे शाल गुंडाळून बसू लागली. माझ्यातून काही जाईनासं झालं तेव्हा एका काळ्या पाखरांच्या जोडीने माझ्या तोंडात काटक्या टाकायला सुरुवात केली. दर वसंतात नव्या काटक्या, लोकर, शेळीचे केस. खालून बघणाऱ्याला काही दिसत नसे. मला आत अंधारून आलेलं कळत असे.

त्या काळात घरात एकच वाद चालायचा. नीवेस म्हणायची, आई, माझ्याकडे चल. लोरिस म्हणायचा, आईला तिच्या घरात राहू दे. देल्फिना दोघांनाही म्हणायची, "मी अजून ऐकते आहे हं."

एका ऑक्टोबरात लोरिस हसत हसत दारात आला. त्याच्या गाडीत खोका होता.

"आई, तुझा थंडीचा प्रश्न मिटला. ही बघ!"

ती पेलेटची शेगडी होती. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीच्या तुकड्यांएवढ्या कांड्या असतात, त्यांना पेलेट म्हणतात. पिशवी वरून ओतायची, बटण दाबायचं. कांड्या आपोआप थोड्या थोड्या खाली पडतात, आत पंखा फिरतो, काचेमागे छोटी ज्योत नाचते. ओंडके नकोत, कुऱ्हाड नको. मागून मनगटाएवढा धुराचा पाइप निघतो.

शेजारचा गाल्यानो बघायला आला. तो एकटा राहणारा म्हातारा, देल्फिनाच्याच वयाचा. कुठेही काही घडत असलं की तिथे त्याची टोपी दिसायची.

"हे काय, कोंबड्यांचं खाद्य?" मूठभर कांड्या हुंगत तो म्हणाला.

"काका, खाऊन बघा. पुढच्या आठवड्यात अंडी घालाल," लोरिस म्हणाला.

"आणि धूर कुठे सोडणार?"

"चिमणी आहे की. आजोबांनी बैल जाईल एवढी बांधून ठेवलीय."

"बैल गेला नाही कधी. माणूस बोलवून एकदा साफ तरी करून घे."

"माणूस डिसेंबरपर्यंत मोकळा नाही म्हणतो. तोवर आई काय कुडकुडत बसेल?"

लोरिस वाईट मुलगा नव्हता, हे मला आवर्जून सांगायचंय. बसच्या पाळ्यांमधून वेळ काढून तो आला होता. त्याने चुलीचं तोंड पत्र्याने बंद केलं, पत्र्याला भोक पाडून पाइप माझ्या पायथ्याशी खुपसला, कडेला सिमेंट थापलं. त्याआधी त्याने चुलीत वर्तमानपत्र जाळून पाहिलं होतं. अंगणात जाऊन त्याने वर बघितलं तर काटक्यांच्या फटींतून थोडा धूर निघत होता. "ओढ आहे, धूर वर जातोय!" तो खूश होऊन ओरडला.

शेगडी पेटली आणि देल्फिनाने कित्येक दिवसांनी शाल काढून ठेवली. तिने हात पुढे केले. "छान आहे रे," ती म्हणाली. लोरिसचा चेहरा दहा वर्षांच्या मुलासारखा झाला.

मला मात्र हा धूर ओळखीचा वाटेना. चुलीचा धूर गरम, मस्तवाल, आपल्या पायांनी चढणारा. हा कोमट होता, थोडासा, पंख्याने मागून ढकललेला. माझ्या रुंद पोटात आल्यावर तो हातपाय गाळून बसायचा. माझ्या भिंती वर्षानुवर्षांच्या गारठ्याने बर्फासारख्या, त्यांना लागून त्याचं पाणी व्हायचं आणि काजळीबरोबर खाली ओघळायचं. वर काटक्यांचा बोळा. मागून पंखा ढकलतोय, पुढे वाट नाही. मग तो चाचपडायला लागायचा.

नाताळच्या आधी शाळेला सुट्टी लागली आणि नीवेस आली. बर्फ भुरभुरत होता. या वेळी ती आईला घेऊनच जायचं ठरवून आली होती. सामान भरायला तिने रिकामी बॅगसुद्धा आणली होती. देल्फिनाने बटाटा आणि चीज परतून फ्रिको केलं होतं. दोघी जेवायला बसल्या आणि बोलणं लगेच त्याच वळणावर गेलं.

"नुसती थंडी वाजत नाही म्हणजे झालं का? पडलीस तर? गाल्यानोकाकांना ऐकूसुद्धा येत नाही."

"त्याला हवं ते सगळं ऐकू येतं."

"आई, चेष्टा नको. एखाद्या सकाळी तू इथे मेलेली सापडशील. आणि आम्हाला कळणारसुद्धा नाही!"

देल्फिनाने काटा खाली ठेवला. "माझ्या घरात मरेन. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टची वाट बघत नाही मरणार."

"म्हणजे माझं घर तुझं नाही."

"नाही," देल्फिना म्हणाली. बोलून गेली आणि तिलाही ते लागलं, पण शब्द निघून गेला होता.

नीवेस ताट तसंच ठेवून उठली, वरच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. खिडकीच्या फटींतून वारं येत होतं म्हणून तिने टॉवेल कोंबून त्या बंद केल्या. खोली ऊबदार राहावी म्हणून देल्फिनाने खाली शेगडी चालूच ठेवली. मुलीवर रागावलेली आईसुद्धा तिला थंडी वाजू देत नाही. बर्फाचा जोर वाढला आणि माझ्या तोंडावरच्या काटक्यांवर पांढरी टोपी चढली. उरलेल्या फटीही बुजल्या.

धुराला चीर सापडली. गिलावा जुना होता, पलंगामागे त्याला केसासारख्या भेगा होत्या. काजळी अलीकडेच राहिली. पलीकडे गेला तो रंग नसलेला, वास नसलेला विषारी वायू. मी सगळं जाणत होते आणि मला हात नव्हते. जिच्या आईचा पाळणा माझ्या उबेत हलला, तिच्या उशाशी माझ्याच अंगातून मरण झिरपत होतं.

सकाळी देल्फिनाने कॉफी केली. दोन कप ओतले. "नीवेस!" तिने जिन्याखालून हाक मारली. उत्तर नाही.

"रुसलीय," ती स्वतःशी म्हणाली. "लहानपणापासून अशीच."

ती बसली. कॉफी निवली. तिने ती परत गरम केली, परत हाक मारली. मग वर नीवेसचा फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. नीवेस फोन झोपेतसुद्धा उचलायची. देल्फिना जिन्यापाशी येऊन उभी राहिली. खुबा मोडल्यापासून तिने त्या जिन्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. तिने काठी वर फेकली, पायरीवर उलटी बसली, आणि हातांवर भार देत बसल्या बसल्या एकेक पायरी मागे चढू लागली. मध्ये ती थांबायची, दात आवळायची, आणि ओरडायची, "नीवेस, उत्तर दे गं! भांड हवं तर!"

दार उघडलं तेव्हा नीवेस पलंगाच्या कडेला अर्धी खाली लोंबकळत होती. गाल लालबुंद. दरवाजाकडे जायला उठली असावी. देल्फिनाला क्षणभर वाटलं, ताप आहे. मग तिचंही डोकं गरगरलं आणि तिला उमगलं. कोळशाच्या शेगडीने असं एक अख्खं घर गेल्याची गोष्ट तिने लहानपणी इर्माकडून ऐकली होती. खिडकी बर्फाने चिकटली होती. तिने काठी उलटी धरून काच फोडली, मग दुसरी फोडली, आणि बाहेर तोंड काढून सगळा जीव एकवटून ओरडली,

"गाल्यानो! गाल्यानो, माझी पोर मरतेय!"

ऐकू न येणाऱ्या गाल्यानोने ऐकलं. फावडं हातात, पायांत घरातल्या चपला, असा तो बर्फातून आला. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून नीवेसला खांद्यांना धरून जिन्याच्या तोंडापर्यंत ओढलं, तिथून खाली, तिथून अंगणातल्या हवेत. देल्फिनाने तिचं डोकं मांडीवर घेतलं, स्वतःची शाल तिच्यावर टाकली. ती सारखं एकच बोलत होती.

"घर तुझंच आहे गं. माझं तुझंच आहे. ऊठ."

गाल्यानोने फोन केल्यावर बर्फ ढकलणारी गाडी पुढे आणि रुग्णवाहिका मागे, अशा त्या वर आल्या. नीवेस वाचली. पुष्कळ दिवस प्राणवायू द्यावा लागला. नंतरही तिचं डोकं दुखत राहिलं, आणि शिकवताना मध्येच साधा शब्द आठवेनासा व्हायचा, अजूनही कधी कधी होतो.

लोरिस दुपारी आला. शेगडी केव्हाच बंद केली होती, तरी त्याने तिची वायर उपटली, पाइप दोन्ही हातांनी ओढून काढला आणि काजळीच्या चिखलात बसून राहिला. "मी केलं," एवढंच म्हणायचा. देल्फिनाने त्याला उठवलं नाही की जवळ घेतलं नाही. ती कोठीत गेली आणि नीवेसने आणलेल्या रिकाम्या बॅगेत स्वतःचे कपडे भरायला लागली. लेक घरी येईल तेव्हा तिच्याजवळ कोणीतरी हवं होतं.

घराला कुलूप लागलं. मी आयुष्यात इतकी थंड कधीच नव्हते. गावातली माणसं माझ्याकडे बघायची आणि नजर वळवायची. मारेकरी म्हणून बघायची की काय, कोण जाणे.

वसंतात दोघं भावंडं अंगणात येऊन उभी राहिली. हॉस्पिटलनंतर ती एकमेकांशी नीट बोललेली नव्हती.

"मी ही चिमणी पाडून टाकतो," लोरिस म्हणाला. "मग घर विकू. जे घेतील त्यांनी काय हवं ते करावं."

"पाडायची नाही. दुरुस्त करायची," नीवेस म्हणाली.

"तू म्हणतेस हे? तू?"

नीवेस अंगणातल्या दगडावर बसली. "आई माझ्याकडे फ्रिज विचारून उघडते, लोरिस. 'दूध घेऊ का गं?' असं विचारते. आपला कप लगेच धुऊन, पुसून, होता तिथे ठेवते. पाहुणीसारखी. मी घरी नसले की दिवा लावत नाही. मी तिला म्हटलं, आई, हे तुझंच आहे. ती म्हणते, हो गं बाळा. आणि परत विचारते."

लोरिस तिच्या शेजारी दगडावर टेकला.

"माझ्यासाठी ती तो जिना चढली. तिला मी लिफ्टची वाट बघत मरू देणार नाही," नीवेस म्हणाली. शब्द सापडायला तिला थोडा वेळ लागला, पण तिने तो शोधून काढला. "माणूस आण. नीट काय करायचं ते विचारू."

चिमण्या साफ करणारी मोरेना आली. मधल्या वयाची, कमी बोलणारी बाई. तिने आधी माझ्या तोंडातून काटक्या उपसल्या. टोपल्या भरता भरता गाल्यानो म्हणाला, "अरे, हे तर माझ्या सरपणापेक्षा जास्त निघालं." कोणी हसलं नाही, मग तो पुढची टोपली भरायला लागला. नंतर मोरेनाने दोरीला बांधलेला छोटा कॅमेरा आत सोडला. पडद्यावर माझं पोट दिसलं. शहात्तरच्या सप्टेंबरापासून जी चीर मी एकटीने बाळगली होती, ती पहिल्यांदा माणसांच्या डोळ्यांना दिसली.

लोरिस पडद्यापुढे वाकला. "मी कागद जाळून बघितला होता. धूर वरून निघाला होता."

"निघणारच. कागदाची आग गरम असते, फटीतूनही वाट काढते," मोरेना म्हणाली. "पेलेटचा धूर अंगात जोर नसलेला, त्याला एवढी मोठी चिमणी झेपत नाही. त्याला त्याच्या मापाची वाट द्यायची. तुमच्यासारखी बरीच घरं मी बघते. सगळ्यांना वाटतं, चिमणी आहे म्हणजे झालं."

"नशिबाने एवढ्यावर निभावलं," गाल्यानो पुटपुटला.

"नशिबाने नाही. आई चढली," लोरिस म्हणाला आणि कामाला लागला.

उन्हाळ्यात त्यांनी माझ्या तोंडातून चकचकीत स्टीलची नळी खाली सोडली. वरपासून पायथ्यापर्यंत अखंड, कुठे फट नाही. थंडी लागून धुराचं पाणी होऊ नये म्हणून तिला जाड पांघरूण गुंडाळलं. पायथ्याशी राख आणि पाणी काढायला छोटं दार ठेवलं, वर जाळीचं झाकण बसवलं. खोलीतला गिलावा खरवडून चीर बुजवली. पलंगाशेजारी भिंतीवर एक पांढरी डबी लावली, विषारी वायू आला तर ती किंचाळते म्हणे. अजून तरी किंचाळली नाही.

खरं सांगू? नळी आत येताना मला दुखलं. धूर म्हणजे माझं काम, माझा श्वास. आता तो माझ्यातून जातो, पण मला शिवत नाही. ओस्वाल्दोने एवढी रुंद छाती दिली, तिच्यात मी आता दुसऱ्याची वाट सांभाळते. पण पहिल्या थंडीत नळी तापली, पांघरुणातून थोडीशी ऊब पाझरली, आणि विटा हळूहळू कोरड्या झाल्या. म्हातारपणी एवढं मिळालं तरी पुष्कळ.

ऑक्टोबरात देल्फिना परत आली. गाडीतून उतरली, काठी टेकत थेट आत गेली, आणि कोणाला न विचारता कपाट उघडून कॉफीचा डबा काढला. नीवेसने तोंड फिरवून डोळे पुसले. लोरिसने शेगडी पेटवायला बटणाकडे हात नेला आणि तिथेच थांबला. नीवेसने त्याच्या हातावर हात ठेवून बटण दाबलं.

देल्फिना त्यानंतर आणखी काही हिवाळे जगली. या फेब्रुवारीत, दुपारी, खुर्चीत बसून गाल्यानोची कुचाळकी ऐकता ऐकता गेली. गाल्यानो बराच वेळ बोलतच होता, मग त्याला कळलं. त्याने टोपी काढली आणि तिच्या मांडीवरची शाल सारखी केली.

तिला स्वयंपाकघरातच ठेवलं होतं. मुलं आली. लोरिस आईपाशी उभा राहिला, मग शेगडीकडे वळला. "बंद करतो. आता कोणासाठी?"

"राहू दे चालू," नीवेस म्हणाली. "प्रार्थनेला माणसं येतील. चढ चढून गारठलेली असतील."

आणि माणसं आली. हात चोळत, बूट झटकत, एकमेकांना जागा देत. सगळं गाव त्या एका खोलीत मावलं.

घर विकलेलं नाही. शनिवारी कधी नीवेस येते, कधी लोरिस, कधी दोघं. दर पानगळीत मोरेना येऊन नळी साफ करते. इतर दिवशी मी गार असते, आणि आता त्याची भीती वाटत नाही.

तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी असेल, तर तिच्यात नवा विस्तव जोडण्याआधी एकदा तिच्या पोटात डोकावून बघा. बाहेरून आम्ही धडधाकट दिसतो. आत काय झालंय हे आम्हाला बोलून दाखवता येत नाही, आणि घाईत असलेल्या प्रेमळ माणसाला तर ते मुळीच दिसत नाही. माझं एवढंच मागणं आहे.

ऐकत बसलात, बरं वाटलं. खाली गाडीचा आवाज येतोय, नीवेस असेल. या आता. उतारावर बर्फ गोठलाय, सांभाळून जा.